नाशिक ते वात्नायोकुल: बाबांना घेऊन आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर गाडीने

संक्रांतीच्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारी २०२४ ला, तिळगूळ देता देता बाबा म्हणाले, "मला एकदा हिमनदी बघायचीय. नुसता बर्फ नाही, हिमनदी." बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, वय ६७, सगळं आयुष्य धरणं, कालवे आणि पुराचे आकडे यातच गेलं, त्यामुळे मागणी तशी त्यांच्या स्वभावाला धरूनच होती. पण हिमालयातल्या हिमनदीपर्यंत जायचं म्हणजे उंची आली, दिवसचे दिवस चालणं आलं, आणि त्यांना बीपीची गोळी चालू, डॉक्टरांनी सरळ नाही सांगितलं. मग शोधताना कळलं की आइसलँडमध्ये हिमनद्या डोंगरावरून जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत खाली येतात आणि पार्किंगपासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की समोर बर्फाचं टोक. तेव्हा ठरलं.

मी, नवरा आणि बाबा. आई म्हणाली मला थंडी सोसत नाही, तुम्ही जा, मी डबे भरून देते. आमच्यापैकी कोणीच आधी युरोपात गेलेलं नव्हतं आणि उजव्या बाजूने गाडी चालवायचा तर प्रश्नच नव्हता. सुरुवातीला मला फार भीती वाटत होती, रात्री झोपताना डोक्यात व्हिसाची फाइल आणि राउंडअबाउट हेच फिरायचं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, तारखा आणि पैशांसकट, कारण मला तेव्हा असं घरच्या भाषेत लिहिलेलं काही सापडलं नव्हतं.

पहिला अडथळा बाबांचा पासपोर्ट. तो २०२१ लाच संपलेला. रिइश्यूचा अर्ज ऑनलाइन भरला, १५०० रुपये फी, नाशिकच्याच पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट मिळाली. पण जुन्या पासपोर्टवर बाबांच्या वडिलांचं नाव एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या, हे मी अर्ज भरताना बघितलंच नाही. चूक माझीच. फाइल अडकली, आधी आधार दुरुस्त करा मग या, असं झालं, त्यात पाच आठवडे गेले. नंतर पोलीस व्हेरिफिकेशन, चौकीतून फोन आला, बाबा शेजारच्या दोन काकांना साक्षीला घेऊन गेले, आणि पासपोर्ट हातात आला ११ एप्रिलला. त्यामुळे घरात कोणी ज्येष्ठ असेल तर तिकीट वगैरे बघण्याच्या आधी आधार, पॅन, जुना पासपोर्ट आणि बँक पासबुक ही चार कागदं शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवून बघा.

या काळात नवऱ्याने एक्सेलमध्ये प्लॅन केला. आइसलँडला गोल फिरणारा रिंग रोड आहे, रूट १, साधारण १३२२ किलोमीटर, त्याचं म्हणणं आठ दिवसांत पूर्ण गोल मारू. बाबांनी नकाशा प्रिंट काढून आणला आणि पेन्सिल घेऊन बसले. डांबरी रस्त्यावर ताशी ९० ची मर्यादा, खडीच्या रस्त्यावर ८०, सप्टेंबरच्या शेवटी उजेड साधारण सात ते सात, त्यात थांबणं, जेवणं, चालणं. शेवटी पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "अरे आपण बघायला चाललोय की रस्ता मोजायला?" आणि अर्धा गोल खोडून टाकला. फक्त दक्षिण किनारा, होप्न गावापर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. शिवाय एक दिवस मोकळा ठेवा म्हणाले, कालव्याला जसा एस्केप ठेवतात तसा, जास्तीचं पाणी कुठेतरी गेलं पाहिजे. तेव्हा मला तो दिवस वाया जाणार असं वाटलं होतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. फी ११ जून २०२४ पासून ८० युरोची ९० झाली, म्हणजे माणशी आठ हजारांच्या वर आणि व्हिसा केंद्राचा सर्व्हिस चार्ज धरून आम्हाला साधारण दहा हजार दोनशे पडले. कागद पुष्कळ लागतात पण अवघड एकही नाही: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेचा शिक्का आणि सही असलेलं, तीन वर्षांचे आयटीआर, आमच्या सॅलरी स्लिपा आणि ऑफिसची रजा मंजुरी, बाबांची पेन्शनची ऑर्डर, किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो, रोजचा प्लॅन आणि प्रत्येक रात्रीचं बुकिंग. हे प्रत्येक रात्रीचं लक्षात ठेवा, एकही रात्र मोकळी दिसता कामा नये. आमचा मोकळा दिवस आम्ही होप्नला दोन रात्री असा दाखवला होता, आणि बुकिंग सगळी फ्री कॅन्सलेशनची घेतली होती.

एका एजंटकडे आधी चौकशी केली होती, त्याने सांगितलं बाबांच्या खात्यात पैसे कमी दिसतायत, आठवडाभर आधी दोन-तीन लाख टाकून घ्या. आम्ही तसं केलं नाही. अचानक आलेली मोठी रक्कम उलट प्रश्न निर्माण करते. त्याऐवजी कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिहिलं की वडिलांचा राहण्याचा आणि गाडीचा खर्च मुलगी करतेय, माझं पत्र जोडलं, नात्याचा पुरावा म्हणून माझा जन्मदाखला जोडला. ते पत्र दीड पानाचंच होतं, पण कोण, कुठे, किती दिवस, पैसे कोणाचे, परत का येणार, सगळं त्यात होतं.

२ जुलैची मुंबईची अपॉइंटमेंट. पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या रखडतात म्हणून सकाळच्या पंचवटीवर विसंबलो नाही, आदल्या दिवशीच मावशीकडे मुलुंडला जाऊन राहिलो. केंद्रात एकूण अडीच तास गेले. आमचे ठसे लगेच झाले, बाबांचे काही केल्या येईनात. वयामुळे बोटांच्या रेषा पुसट होतात, मशीनवर बोट ठेवलं की लाल, परत ठेवलं की लाल. बाबांचा चेहरा उतरला, मला म्हणाले, "चाळीस वर्षं सह्या केल्या, आता बोटंच ओळखेना." काउंटरवरच्या मुलीने फार समजुतीने घेतलं, ओला टिश्यू दिला, बोटं पुसा आणि मग दाबून ठेवा काका म्हणाली, सातव्या-आठव्या वेळेला झालं. ज्येष्ठांना नेत असाल तर आधीच्या दोन-तीन दिवस हाताला रात्री खोबरेल तेल लावायला सांगा आणि त्या दिवशी सकाळी हात नीट धुऊन न्या, आम्हाला ते मावशीने नंतर सांगितलं.

मग वाट बघणं. नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असते, आमचे वीस लागले. २२ जुलैला कुरिअरवाला आला तेव्हा मी सातपूरला ऑफिसात होते, आईने फोनवर पाकीट फोडून पान वाचून दाखवलं, तिला त्यावरचं काही लागत नव्हतं पण फोटो आहे आणि तारखा आहेत एवढं कळलं आणि मी जिन्यात जाऊन पाच मिनिटं बसले.

आणि लगेच त्याच आठवड्यात, २७ जुलैला, कात्ला ज्वालामुखीवरच्या हिमनदीखालून पूर आला आणि विक गावापुढचा रिंग रोड तुटून बंद पडला, म्हणजे नेमका आमचा रस्ता. तो काही दिवसांत दुरुस्त करून चालू केला त्यांनी. मग २२ ऑगस्टला रेक्यानेस भागात उद्रेक सुरू झाला. मग २५ ऑगस्टला ब्रेदामेर्कुर हिमनदीवर बर्फाची गुहा कोसळून एक पर्यटक गेला. घरी रोज कोणाचा तरी फोन, आत्याने तर पितृपक्षात कसला प्रवास इथपासून सुरुवात केली. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण बाबांनी शांतपणे प्रत्येक बातमी नकाशावर लावली, उद्रेक कुठे, आपला रस्ता कुठे, आणि गुहेचा जो कार्यक्रम आम्ही बघून ठेवला होता तो त्यांनी स्वतःच काढून टाकला. हिवाळा सोडून बर्फाच्या गुहेत जायचं नाही, हे आमचं पक्कं झालं.

ऑगस्टमध्ये राहिलेली कामं म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. सारथी पोर्टलवर अर्ज, १००० रुपये फी, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, लायसन्स आणि मेडिकल सर्टिफिकेट घेऊन पेठ रोडच्या आरटीओत गेलो. हे परमिट एक वर्ष चालतं. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्यामुळे गाडी भाड्याने देणारे बऱ्याचदा नुसत्या लायसन्सवरही देतात, पण सोबत मूळ लायसन्स आणि परमिट दोन्ही असलेलं बरं, परमिट एकटं कामाचं नाही.

१९ सप्टेंबरला दुपारी तीनला नाशिक सोडलं, फ्लाइट रात्री दोनची होती तरी. पावसाने हायवेची काय अवस्था होती ते नाशिककरांना सांगायला नको. मुंबई–फ्रँकफर्ट–केफ्लाविक, शेंगेनचा शिक्का फ्रँकफर्टलाच बसला, तिथे मधे साडेतीन तास होते तेही रांगेमुळे पुरेसेच ठरले, दोन तासांचं कनेक्शन घेऊ नका. केफ्लाविकला उतरलो तेव्हा तिथली दुपार, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आणि इथे मी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते, त्या दिवशी गाडी घेऊ नका. जागरणाचे डोळे, चुकीच्या बाजूचं स्टिअरिंग आणि समुद्राचा वारा हे तिन्ही एकदम नको. आम्ही विमानतळाजवळच झोपलो, सकाळी नऊला गाडी घेतली.

गाडी फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकच घ्या, उजव्या हाताला गिअरचं काम नसलं की डोकं रस्त्यावर राहतं. इन्शुरन्समध्ये खडीचा वेगळा आणि वाळू-राखेचा वेगळा असतो, दोन्ही घेतले. पण वाऱ्याने दार उलटं उघडून बिजागरी तुटली तर ते बहुतेक कुठल्याच इन्शुरन्समध्ये बसत नाही, हे काउंटरवरच्या माणसाने दोनदा सांगितलं. दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं आणि गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे. निघण्याआधी मी गाडीभोवती फिरून चार मिनिटांचा व्हिडिओ काढला, चारी रिम, काच, छत, किलोमीटरचा आकडा. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी येईल.

पहिला तासभर नवरा चालवत होता आणि मी शेजारी बसून प्रत्येक वळणावर "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत होते. दिवसासुद्धा हेडलाइट चालू ठेवावे लागतात. दोन लेनच्या राउंडअबाउटमध्ये आतल्या लेनवाल्याला आधी बाहेर पडायचा हक्क असतो, हे आपल्याकडे तर नाहीच पण युरोपातही सगळीकडे नाही, त्यामुळे आम्ही सरळ बाहेरची लेन धरायचो आणि आतल्याला जाऊ द्यायचो. सेल्फॉस गाव मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला तसं दोघांचेही खांदे सैल झाले. पुढे एका पदरी पूल येतात, पाटीवर एइनब्रेद ब्रू असं काहीसं लिहिलेलं असतं, जो आधी पोचेल त्याने आधी जायचं, पण दुसरी गाडी दिसली की थांबूनच घ्यायचं.

पंपावर माणूस नसतो. कार्ड घालायचं, चार आकडी पिन टाकायचा, पिन चालला नाही तर पेट्रोल नाही. आणि "टाकी फुल" दाबलं तर मोठी रक्कम कार्डावर अडकून बसते, म्हणून दर वेळी ठरावीक रकमेचं भरा. तेव्हा, २०२४ मध्ये, लिटरला तीनशे क्रोनांच्या वर भाव होता, म्हणजे आपले जवळपास १९० रुपये. निम्मी टाकी झाली की भरायची हा नियम केला होता, कारण विकच्या पुढे पंप लांब लांब आहेत.

सेल्यालांड्सफॉस हा धबधबा साठ मीटरचा, त्याच्या मागून चालता येतं, पूर्ण भिजायला होतं, रेनपँट पाहिजेच. स्कोगाफॉस पण तेवढाच उंच पण रुंद. नाशिकच्या माणसाला पावसाळ्यातले धबधबे नवीन नाहीत, सुंदर आहेत पण मी त्यावर जास्त लिहीत नाही, कारण दुसऱ्या दिवशी जे बघितलं ते त्याच्या पलीकडचं होतं.

सोल्हेमायोकुल. २२ तारीख, सकाळी दहा. ही मिरदाल्सयोकुल नावाच्या मोठ्या हिमटोपीतून खाली आलेली एक जीभ. गाइडशिवाय बर्फावर पाऊल टाकायचं नाही, हे लक्षात ठेवाच, वरून सपाट दिसतं आणि खाली भेगा असतात. तीन तासांचा सगळ्यात सोपा वॉक घेतला होता, माणशी साधारण ९८०० रुपये, त्यात हेल्मेट, हार्नेस, कुदळीसारखी आइस अ‍ॅक्स आणि बुटाला बांधायचे लोखंडी दात, क्रॅम्पॉन. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट लागतात, बाबांचे मऊ होते म्हणून तिथेच भाड्याने घेतले. गाइड मुलीने बाबांच्या बुटाचे पट्टे स्वतः गुडघ्यावर बसून घट्ट केले आणि चालायचं कसं ते दाखवलं, पाय थोडे फाकून, पूर्ण तळवा एकदम टेकवून.

मला बर्फ पांढरा असेल असं वाटलं होतं. तो काळा आहे. म्हणजे वरून राखेने माखलेला, थरावर थर, कात्लाच्या जुन्या उद्रेकांची राख, आणि मधे चीर पडली की आत निळा, नीळ घातल्यासारखा. बाबा एका खड्ड्याशी वाकले, वितळलेलं पाणी गोल फिरत आत कुठेतरी खाली जात होतं, आवाज येत होता पण तळ दिसत नव्हता. बराच वेळ ते हललेच नाहीत. मग गाइडने मागे हात करून दाखवलं, आम्ही चालत येताना ज्या तळ्याच्या कडेने आलो ते तळं आधी नव्हतंच, तिथे बर्फ होता. जवळच्या ह्वोल्सवोल्लूर गावातली शाळेची मुलं २०१० पासून दर वर्षी येऊन मोजतात, हिमनदी किती मागे गेली ते. बाबा मला म्हणाले, "म्हणजे यांचा दुतोंड्या मारुतीच की." आमच्या गोदाघाटावरच्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, असंच तर पूर मोजत आलोय आम्ही लहानपणापासून. फक्त इथे मुलं पाणी चढलेलं नाही, बर्फ उतरलेला मोजतात. बाबा खाली येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी रेनिस्फ्यारा, काळ्या वाळूचा किनारा. इथल्या लाटा अचानक कित्येक मीटर आत येतात, माणसं ओढली जातात, म्हणून २०२२ मध्ये सिग्नलसारखे दिवे बसवलेत. आम्ही गेलो तेव्हा पिवळा होता. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका, दिवा कुठलाही असो. किनाऱ्यालगत बेसाल्टचे षटकोनी खांब एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत, बाबांनी हातमोजा काढून एका खांबावर तळहात टेकवला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला मला लहानपणी त्यांनी असेच खांब दाखवले होते. अंजनेरी काय, ब्रह्मगिरी काय, आपल्याकडचा सह्याद्री याच दगडाचा, फरक एवढाच की आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि इथला सगळ्यात जुना दगडसुद्धा दीड-पावणेदोन कोटींचा. "धाकटा भाऊ आहे," म्हणाले. मी पण हात लावला, ओला आणि थंडगार होता.

२३ ला सकाळी उठून वेदुर डॉट इज (vedur.is) ही तिथल्या हवामान खात्याची साइट उघडली तर पुढच्या पट्ट्यात पिवळा इशारा. वारा ते सेकंदाला मीटरमध्ये देतात, त्याला ३.६ ने गुणायचं म्हणजे ताशी किलोमीटर कळतं, तिथे २४ दाखवत होतं, म्हणजे ८६, आणि झोत त्याहून वर. पुढचा रस्ता उघड्या वाळवंटातून जातो, असा वारा सुटला की काळी वाळू गाडीचा रंग खरवडून काढते आणि उंच गाड्या रस्त्याबाहेर ढकलल्या जातात. रस्ते उघडे की बंद ते उम्फेर्दिन डॉट इज (umferdin.is) वर दिसतं, तिथे रस्ता अजून उघडा दाखवत होता. नवरा म्हणाला हळू हळू जाऊ. मी गाडीतून पाणी आणायला गेले आणि दार थोडंसं उघडलं मात्र, वाऱ्याने ते हातातून असं ओढलं की मी त्याच्याबरोबर दोन पावलं गेले, सगळा जोर लावून, कमरेने रेटून ते परत लावलं. खांदा चार दिवस दुखत होता. आत येऊन म्हटलं, आज नाही जायचं.

पुढच्या गेस्टहाउसला फोन केला, त्यांनी एका शब्दात तारीख पुढे ढकलली, इशारा असला की सगळेच ढकलतात म्हणाल्या त्या बाई. होप्नची दुसरी रात्र रद्द केली. तो बाबांचा मोकळा दिवस असा विक गावात खर्ची पडला. कॉमन किचनमध्ये मी आईने दिलेल्या मुगाच्या डाळीची खिचडी लावली, वर मेतकूट, आणि बाहेर वारा असा की भिंतीतून घुमल्यासारखा आवाज. बाबा वहीत लिहीत बसले. प्लॅन पूर्ण गोलाचा असता तर आम्ही त्या दिवशी निघालो असतो, कारण निघावंच लागलं असतं. जे कोणी जाणार असतील त्यांना माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे, अंतर कमी करा आणि एक दिवस रिकामा ठेवा, पैसे गेले तरी चालतील.

२४ ला लख्ख ऊन. विकपासून स्काफ्ताफेल साधारण १४० किलोमीटर, त्यात एल्दह्राउन लागतं, १७८३-८४ च्या लाकी उद्रेकाचा लाव्हा, मैलोन्‌मैल, त्यावर मऊ हिरवट शेवाळ. त्या उद्रेकानंतरच्या दुष्काळात आइसलँडमधला साधारण पाचातला एक माणूस गेला. शेवाळावर पाय द्यायचा नाही, एक ठसा भरून यायला दशकं लागतात.

मग स्केदारारसांदुर हे वाळूचं मैदान, आणि रस्त्याच्या कडेला पिळवटलेले दोन लोखंडी गर्डर. मी तर पुढे जात होते, बाबांनीच थांबवलं. १९७४ साली इथला पूल झाला तेव्हा कुठे रिंग रोड जोडला गेला होता. १९९६ च्या शरदात वात्नायोकुल या मोठ्या हिमटोपीच्या बर्फाखाली ज्वालामुखी फुटला, पाणी आत साठत गेलं आणि ५ नोव्हेंबरला एकदम बाहेर आलं, सेकंदाला ४५ हजार घनमीटरच्या वर. बाबांनी वहीतच क्युसेक केले, जवळपास सोळा लाख. गंगापूर धरणातून काही हजार सोडले की आपल्याकडे नदीकाठची दुकानं हलवतात. घराएवढाले बर्फाचे ठोकळे त्या पाण्यात होते, त्यांनी पुलाचं पोलाद असं वळवलं. बाबा त्या गर्डरला हात लावून उभे, त्यातले बोल्ट अजून तसेच, एक आकडासुद्धा न सांगता नुसते बघत होते. माणूस एकही गेला नाही, कारण पाणी साठतंय हे त्यांना आधी माहीत होतं आणि रस्ता बंद केला होता, हे त्यांनी मला गाडीत बसल्यावर तीनदा सांगितलं.

२५ ला योकुल्सारलोन. हिमनदीच्या पुढ्यातलं हे तळं १९३० च्या दशकात तयार व्हायला लागलं, आता जवळपास अडीचशे मीटर खोल, देशातलं सगळ्यात खोल. वात्नायोकुल म्हणजे साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला बर्फ, त्याचीच एक जीभ इथे तुटून पाण्यात पडते, हिमखंड तरंगत तरंगत छोट्याशा वाटेने समुद्रात जातात, आणि लाटा त्यातले तुकडे परत काळ्या वाळूवर आणून टाकतात. बोटीचे माणशी ४२०० गेले, धुकं असेल तर घेऊ नका, काठावरूनही सगळं दिसतं. मी वाळूवरचा एक तुकडा उचलला, वीटभर असेल, आत बारीक बारीक हवेचे बुडबुडे अडकलेले, काचेसारखा स्वच्छ. बाबा म्हणाले ही कित्येकशे वर्षांपूर्वीची हवा असेल. हातात पाणी व्हायला लागला तसा खाली ठेवला. पाठीमागे एक सील मान वर काढून बघत होता. त्या रात्री उत्तरेकडे आकाशात फिकट हिरवा पट्टा सरकला, डोळ्यांना फोटोतल्यासारखा भडक दिसत नाही, आधी ढगच वाटला. बाबांना उठवलं, ते स्वेटरवर शाल घेऊन पंधरा मिनिटं बाहेर उभे होते.

२६ ला होप्न आणि वेस्त्राहोर्नचा डोंगर, २७ ला साडेचारशेतले बहुतेक किलोमीटर एका दिवसात परत, तो एक दिवस थकवणारा झाला, आम्ही दर दीड तासाला ड्रायव्हर बदलत होतो. २८ ला गाडी परत, २९ ला रात्री नाशिक. गाडी साधारण १२०० किलोमीटर चालली.

खर्च तिघांचा मिळून, विमान २ लाख ४६ हजार, व्हिसा आणि इन्शुरन्स ३८ हजार, गाडी ९८ हजार, पेट्रोल १९ हजार, राहणं १ लाख ३६ हजार, हिमनदीचा वॉक आणि बोट ४२ हजार, खाणं ४५ हजार, कपडे, बूट, पार्किंग असं धरून ४० हजार. म्हणजे साडेसहा लाखांच्या वर. पार्किंगचे पैसे बहुतेक ठिकाणी फोनवरून भरावे लागतात, नंबर प्लेटचा कॅमेऱ्याने फोटो निघतो, विसरलात तर बिल नंतर गाडीवाल्यामार्फत येतं. खाण्यात आम्ही वाचवलं, सकाळी ब्रेड आणि स्कीर म्हणजे त्यांचं घट्ट दही, रात्री आपला भात. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, थंड नळाचं पाणी उत्तम असतं, गरम नळाला मात्र गंधकाचा वास येतो, ते अंघोळीलाच.

६ ऑक्टोबरला, घटस्थापना होऊन तीन दिवस झाले होते, गाडीवाल्या कंपनीचा मेल आला की मागच्या डाव्या रिमला ओरखडा आहे, आपले सव्वीस हजार रुपये होतील इतके क्रोना कापतोय. पोटात गोळा आला. मग २१ सप्टेंबरचा व्हिडिओ काढला, त्यात दुसऱ्या मिनिटाला तो ओरखडा स्पष्ट दिसतो, बाजूला तारीख आणि किलोमीटर. तेवढा भाग कापून पाठवला, मेलमध्ये दोनच ओळी लिहिल्या. आठ दिवस काहीच उत्तर नाही. १४ ला दुपारी मेल आला, चार्ज रद्द, आणि १७ ला डिपॉझिट कार्डावर परत.